विजेचा इशारा मिनिटांचा, भूकंपाची तयारी वर्षांची

एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञानात नैसर्गिक घटनांवरचे एक प्रकरण अनेक वर्षे शिकवले गेले. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, इथून सुरुवात व्हायची, मग आकाशातली वीज यायची आणि शेवटी भूकंप. कंगवा आणि वीज यांचे नाते उघड आहे, भूकंप मात्र त्यांच्यात उपरा वाटतो. तरीही तिन्हींत एक समान सूत्र आहे. काहीतरी हळूहळू साठत जाते, धरून ठेवणाऱ्या पदार्थाची ताकद संपते आणि साठलेले सारे क्षणात मोकळे होते. कंगव्यावर आणि ढगात विद्युतप्रभार साठतो, खडकांत ताण साठतो. फरक इतकाच की ढगातली साठवण आपल्याला दिसते, खडकांतली दिसत नाही. त्यामुळे विजेपासून वाचण्याचा निर्णय काही मिनिटांत घेता येतो, भूकंपापासून वाचण्याचा निर्णय मात्र घराचा पाया खोदतानाच घ्यावा लागतो. या दोन संकटांतले बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत आणि ते टाळण्याचे विज्ञान शाळेच्या पुस्तकापलीकडचे नाही.

आधी विजेचे पाहू. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटात बर्फाचे हलके स्फटिक वर जात असतात आणि जड, मऊ गारा खाली येत असतात. त्यांच्या टकरींत गारांवर ऋण प्रभार आणि स्फटिकांवर धन प्रभार जमतो, म्हणून ढगाचा माथा धन आणि खालचा भाग ऋण होतो. हवा एरवी वीज वाहू देत नाही. पण प्रभार फार वाढला की तिचा हा विरोध मोडतो आणि ढगातून जमिनीकडे टप्प्याटप्प्याने एक वाट तयार होते. त्या वाटेवरची हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, स्फोटासारखी प्रसरण पावते आणि गडगडाट होतो. हे सारे घडायला ढगाला वेळ लागतो आणि तो वेळ आपल्या कामाचा असतो. रडारला वाढता ढग दिसतो. प्रत्येक विजेतून रेडिओलहरी निघतात. त्या वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांपर्यंत कोणत्या क्षणी पोचल्या, यावरून वीज कुठे पडली ते कळते. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप याच तत्त्वावर आपल्या आसपासच्या विजांची सूचना देते. फोन नसला तरी कान आहेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत पडली आहे आणि पुढची आपल्याजवळ पडू शकते.

तरीही भारतात गेल्या काही वर्षांत विजेने दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. विदर्भ-मराठवाड्यात वळवाच्या आणि परतीच्या पावसात शेतात असलेली माणसे आणि जनावरे तिला बळी पडतात. पाऊस आला की माणूस झाडाखाली जातो आणि तिथेच घात होतो. झाडावर उतरलेली वीज शेजारच्या शरीरात उडी घेते. जमिनीत पसरलेला प्रवाह एका पायातून शिरून दुसऱ्या पायातून बाहेर पडतो. जनावरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून त्यांना त्याचा फटका अधिक बसतो. यावर कुणी म्हणेल, हे नशिबाचे खेळ आहेत, वीज पायाळू माणसावरच पडते. पण माणूस कसा जन्मला, हे विजेला कळायचा मार्ग नाही. उंच, टोकदार आणि मोकळ्यावर एकटी उभी असलेली वस्तू तिला सोयीची पडते. मोबाइल वीज ओढतो, हाही असाच गैरसमज आहे. खरा आक्षेप वेगळा आहे: पेरणीच्या घाईत शेतकऱ्याने दर गडगडाटाला काम सोडायचे कसे? अडचण खरी आहे, म्हणूनच केवळ उपदेश पुरत नाही. शिवारात तडितरक्षक बसवलेले पक्के निवारे जवळपास असतील, तरच शेवटच्या गडगडाटानंतरची अर्ध्या तासाची विश्रांती परवडेल. ती जबाबदारी ग्रामपंचायतीची आणि सरकारची आहे.

भूकंपाचा ताण कित्येक किलोमीटर खोल असतो, तिथे ना रडार पोचते ना डोळा. चीनमध्ये १९७५ साली हायचेंगला आधीच्या लहान धक्क्यांवरून लोकांना घराबाहेर काढले गेले आणि हजारो जीव वाचले. पुढच्याच वर्षी तांगशानला असा कोणताही इशारा मिळाला नाही आणि सुमारे २ लाख ४० हजार माणसे गेली. किल्लारीतही १९९३ च्या मोठ्या भूकंपाआधी, १९९२ मध्ये, लहान धक्के जाणवले होते, मग इशारा का दिला गेला नाही, असा प्रश्न अजून विचारला जातो. त्याचे उत्तर पालघरमध्ये आहे. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तरी त्यातून किल्लारीएवढा मोठा भूकंप आला नाही. लहान धक्के मोठ्याची नांदी असतात की नाही, हे मोठा येऊन गेल्यावरच ठरते. जपानसारख्या देशातली यंत्रणा भूकंप सुरू झाल्यावर काही सेकंदांची सूचना देते, पण केंद्राच्या अगदी जवळच्या गावाला तीही पुरत नाही.

मग उरते ते घर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जवळपास दहा हजार माणसे गेली. घरे माळवदाची होती: लाकडी फळ्यांवर मातीचा जाड थर आणि खाली मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाडजूड भिंती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर आरपार जाणाऱ्या दगडांनी बांधलेले नव्हते. हादरा बसताच ते एकमेकांपासून फाटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. चार महिन्यांच्या आतच, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला, तोही पहाटेच. त्यात किल्लारीच्या पाचपटींहून अधिक ऊर्जा बाहेर पडली, वस्ती दाट होती, तरी मृत्यू शंभराच्या आत राहिले.

अमेरिका श्रीमंत आहे, आपल्याला ते परवडणार नाही, असे यावर म्हटले जाईल. पण दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घालणे, दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा (लिंटलचा पट्टा) देणे आणि छत हलके ठेवणे, याचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने थोडाच असतो. आमच्या भागात भूकंप होत नाहीत, हा दुसरा आक्षेप तर किल्लारीनेच खोडून काढला. तो भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारणेत तो वरच्या पट्ट्यात गेला. नकाशा बदलण्याआधी हजारो घरे पडली होती.

म्हणून या धड्याची परीक्षा वहीत संपू नये. वळवाच्या दिवसांत शिक्षकांनी मुलांना वर्गाच्या आतूनच वीज आणि गडगडाट यांतले सेकंद मोजायला लावावेत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचे नाही, हा नियम शाळेतच पाळून घ्यावा. आणि ज्यांच्या घराचे काम निघाले आहे, त्यांनी पाया खोदण्याआधी गवंड्याला एवढे नक्की विचारावे: लिंटलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरणार आहे ना? उत्तर नकारार्थी असेल, तर काम तिथेच थांबवा.