प्रयुक्ताचा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी दोन नावे लिहावी लागतात : प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त. प्रयोगकर्ता म्हणजे प्रयोग करणारा आणि प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला जातो तो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या नावाची गरज पडत नाही. परीक्षानळीतल्या द्रवाला, ‘बाबा रे, तुला तापवले तर चालेल का?’ असे कोणी विचारत नाही. मानसशास्त्राचा अभ्यासविषय मात्र माणूस असतो. त्याला भीती वाटते, लाज वाटते आणि प्रयोग संपल्यावर घरी जाऊन स्वतःच्या मनाबरोबर राहायचे असते. त्याच्याशी प्रयोगशाळेत कसे वागावे, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. तो त्याहून खोल आहे, हे ज्या प्रयोगाने साऱ्या जगाला दाखवून दिले, त्याच प्रयोगाच्या आधारे मी तो येथे मांडणार आहे.

अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९६१ च्या उन्हाळ्यात आज्ञापालनावरील प्रयोग सुरू केले. ते १९६२ च्या मे महिन्यापर्यंत चालले. १९६१ सालीच जेरुसलेम येथे आयकमन या नाझी अधिकाऱ्यावर खटला सुरू झाला होता. आपण केवळ वरिष्ठांचे हुकूम पाळले, असा त्याचा बचाव होता. साधासुधा माणूस अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला कितपत इजा करील, हे मिलग्रॅमला मोजून पाहायचे होते.

न्यू हेवन शहरातील वृत्तपत्रात जाहिरात आली : स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवीत, तासाभराच्या कामाबद्दल चार डॉलर आणि प्रवासखर्चाचे पन्नास सेंट मिळतील. कारकून, विक्रेते, शिक्षक, मजूर असे नाना व्यवसायांचे लोक आले. आलेल्या माणसाला प्रयोगशाळेत आणखी एक गृहस्थ भेटे. दोघांनी चिठ्ठ्या उचलायच्या. एकाने ‘शिक्षक’ व्हायचे, दुसऱ्याने ‘विद्यार्थी’. प्रत्यक्षात दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘शिक्षक’ हाच शब्द असे आणि तो दुसरा गृहस्थ मिलग्रॅमचा साथीदार असे. ‘विद्यार्थ्या’ला शेजारच्या खोलीत खुर्चीला बांधले जाई. शब्दांच्या जोड्या सांगताना तो चुकला, की ‘शिक्षका’ने बटण दाबून त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक चुकीला १५ व्होल्ट वाढवायचे. यंत्रावर १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत तीस बटणे होती. खात्री पटावी म्हणून ‘शिक्षका’ला ४५ व्होल्टचा खरा धक्का आधी दिला जाई. बाकी सर्व बनाव होता. पलीकडच्या माणसाला एकही धक्का बसत नव्हता.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात ४० पुरुषांची हकीकत आहे. ३०० व्होल्टला पलीकडून भिंतीवर ठोकल्याचा आवाज येई आणि पुढे ३१५ नंतर सारे शांत होई. तरीही ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा मानसशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडतो.

त्या चाळीस जणांचे त्या तासाभरात काय झाले, ही हकीकत मात्र आपण घाईने वाचतो. मिलग्रॅमने ती लपवली नाही. लोकांना घाम फुटत होता, हात थरथरत होते, बोलताना जीभ अडखळत होती. चौदा जण अस्वस्थपणे हसू लागले. तिघांना तर अनावर झटके आले. कोणी ‘आता पुरे’ म्हणाला, की करड्या कोटातला प्रयोगकर्ता चार ठरावीक वाक्ये क्रमाने उच्चारी. पहिल्यात पुढे चालू ठेवण्याची विनंती होती. चौथ्यात, तुम्हाला दुसरा मार्गच नाही, पुढे गेलेच पाहिजे, असे बजावलेले होते.

येथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा निकाल १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग येथे लागला, तेव्हा न्यायालयाने मानवी प्रयोगांसाठी दहा नियम घालून दिले. स्वेच्छेने दिलेली संमती हा पहिला नियम. प्रयोग असह्य झाल्यास तो थांबवण्याची मोकळीक प्रयुक्ताला असली पाहिजे, हा नववा. हे नियम वैद्यकीय प्रयोग डोळ्यांपुढे ठेवून केले होते, हे खरे. पण नाझींच्या आज्ञापालनाचे कोडे सोडवू पाहणाऱ्या प्रयोगात नेमकी तीच मोकळीक प्रयुक्ताला नाकारली गेली.

१९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ विदुषीने या प्रयोगावर कडक टीका केली. प्रयोगशाळेत आलेला माणूस अनोळखी वातावरणात असतो आणि प्रयोगकर्त्यावर विश्वास टाकून वागतो. त्या विश्वासाचाच येथे गैरफायदा घेतला गेला, असे तिचे म्हणणे होते. मिलग्रॅमने उत्तर दिले, की नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याबद्दल समाधान व्यक्त केले आणि पश्चात्ताप जेमतेम एका टक्क्याला झाला. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. परंतु नंतरचे समाधान म्हणजे आधीची संमती नव्हे. शिवाय येल येथील कागदपत्रे पुढे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा असे दिसले, की धक्के खोटे होते हे अनेकांना त्या दिवशी सांगितलेच नव्हते. काहींना ते कित्येक महिन्यांनी, टपालाने आलेल्या अहवालातून कळले. तोवर ही माणसे कोणते ओझे घेऊन वावरली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे नियम आले. अमेरिकेत १९७४ मध्ये कायदा झाला आणि त्यानुसार नेमलेल्या आयोगाच्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे सांगितली : व्यक्तीचा आदर, तिचे हित आणि न्याय. प्रयोगाला आधी समितीची मान्यता हवी. प्रयुक्ताला आधी माहिती देऊन संमती घ्यावी. खरा हेतू लपवणे अगदी अपरिहार्य असेल, तर प्रयोग संपताच सर्व उलगडून सांगावे.

मात्र नियमांच्या यादीपेक्षा मिलग्रॅमचा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अधिकारी समोर उभा असला, की सामान्य माणसाला ‘नाही’ म्हणणे फार जड जाते, हेच त्याने दाखवले ना? मग प्रयोगकर्ता हाही अधिकारीच आहे. त्याच्यापुढे प्रयुक्ताने उच्चारलेल्या ‘हो’ची किंमत किती धरायची? सांता क्लारा विद्यापीठाच्या जेरी बर्गर यांनी हा प्रयोग सौम्य स्वरूपात पुन्हा करून २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी नाजूक मनःस्थितीची माणसे आधीच वगळली, १५० व्होल्टलाच प्रयोग थांबवला आणि लगेच खुलासा केला. केव्हाही निघून जा, पैसे तुमचेच, असे प्रत्येकाला तीन वेळा सांगितले. एवढे करूनही ७० टक्के लोक १५० व्होल्टच्या पुढे जायला तयार झाले. याचा अर्थ असा, की संमतीच्या कागदावर सही घेतली म्हणजे संशोधकाची जबाबदारी संपत नाही. प्रयुक्ताला ‘नाही’ म्हणणे सोपे जाईल, अशी परिस्थिती त्यानेच निर्माण केली पाहिजे.

हे सर्व अमेरिकेतले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडेही पदव्युत्तर प्रबंधासाठी माहिती गोळा होते ती बहुतेक वर्गातूनच. मी अध्यापक आहे. तासाच्या शेवटी प्रश्नावली वाटून मी ‘भरायची असेल तर भरा’ म्हटले, तरी अंतर्गत गुण माझ्या हातात असताना किती विद्यार्थी कोरा कागद परत करतील? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच विद्यार्थ्यांचा उल्लेख विशेष संरक्षण हवे असलेल्या व्यक्तींमध्ये केला आहे. उपाय साधे आहेत. प्रश्नावली वर्गशिक्षकाने न वाटता दुसऱ्याने वाटावी. कागदावर नाव किंवा हजेरी क्रमांक नसावा. भरलेले आणि कोरे कागद एकाच पेटीत पडावेत, म्हणजे कोणी भरले आणि कोणी नाही हे कळणार नाही. आणखी एक गोष्ट आपल्या सीमाभागाला विशेष लागू आहे. संमतीचा मजकूर इंग्रजीत आणि प्रयुक्त मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेला, असे असेल तर ती सही समजून दिलेली नव्हे. मजकूर त्याच्या भाषेत हवा आणि तोंडी समजावूनही सांगायला हवा.

विद्यार्थ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे. प्रात्यक्षिकाच्या टेबलापलीकडे बसलेला मित्र आपला प्रयुक्त असला, तरी त्याच्या चिंतेचे किंवा बुद्धिमत्तेचे गुणांक कँटीनमध्ये चर्चेला आणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याने मध्येच ‘मला नको’ म्हटले, तर पेन्सिल खाली ठेवावी आणि वहीत ‘प्रयोग अपूर्ण’ असे लिहावे. अशा अपूर्ण प्रयोगाचे गुण कापायचे नाहीत, हे आम्हा अध्यापकांनी ठरवले पाहिजे.