बुरशीच्या हाती परका गळ

बदलापुरात जुलैमध्ये पाव ओट्यावर दोन-तीन दिवस विसरला की त्यावर राखाडी कापूस चढतो, आणि कापसात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. ही बहुधा रायझोपस. 2021 च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ म्हणून महाराष्ट्राची झोप उडवली ती बहुतेकदा हिच्याच भावंडांनी. (त्या आजारातला काळेपणा बुरशीचा नव्हे. ती रक्तवाहिन्या बुजवते आणि रक्ताविना मांस काळं पडतं.)

हिचे बीजाणू आपण सगळेच श्वासातून घेतो, तरी धडधाकट राहतो. त्याचं एक कारण लोह. त्याशिवाय बुरशी वाढत नाही आणि शरीर ते मोकळं ठेवतच नाही. रक्तातलं ट्रान्सफरिन नावाचं प्रथिन ते घट्ट धरून असतं. पांढऱ्या पेशी जस्त आणि मँगनीजही असेच दडवतात. मधुमेह हाताबाहेर जाऊन रक्तातलं आम्ल वाढलं की ट्रान्सफरिनची पकड सुटते. बुरशीचं फावतं ते तिथे.

उल्हासनगरात ही गोष्ट आणखी जवळून भिडते. फाळणीनंतर इथल्या कॅम्पांत वसलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात येतं. शरीर दिवसाला जेमतेम 1-2 मिलिग्रॅम बाहेर टाकतं. साठलेलं लोह काढायचं जुनं औषध म्हणजे डेफेरोक्सामीन. पोटाच्या कातडीखाली सुई, उशाशी छोटा पंप, रात्रीचे 8 ते 12 तास.

खोच अशी, की हे औषध मुळात मातीतल्या एका जिवाणूचं. विहिरीत पडलेली कळशी काढायला गळ टाकतात, तसा तो लोहासाठी हा रेणू बाहेर सोडतो. रायझोपसही मातीतलीच. परक्या गळाला लागलेलं लोह ती अलगद सोडवून घेते. डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं 1980 च्या दशकात, डायलिसिसवरच्या रुग्णांमुळे. त्यांना हे औषध अ‍ॅल्युमिनियम काढण्यासाठी दिलं जाई, आणि ही बुरशी त्यांनाच गाठू लागली.

डेफेरासिरॉक्स ही नंतरची गोळी. तिनं धरलेलं लोह बुरशीला सोडवता येत नाही. मग तिनंच बुरशीला उपाशी मारावं, असा विचार पुढे आला. उंदरांत ते जमलंही. माणसांवरची 20 जणांची चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली: गोळी घेतलेल्या 11 पैकी 9 जण 90 दिवसांत दगावले, न घेतलेल्या 9 पैकी 2. दोन्ही गट सारख्या प्रकृतीचे नव्हते, हे खरं. तरी त्यानंतर ती वाट कुणी सहसा धरली नाही. 2021 मध्येही भिस्त राहिली ती अँफोटेरिसिन या बुरशीनाशकावर, साखर आटोक्यात आणण्यावर आणि सर्जनच्या सुरीवर.