वस्तादाची पारख

मच्छे येथील औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला कामगार आणि दप्तर घेऊन शाळेस निघालेला विद्यार्थी एकाच व्यायामशाळेत गेले, तर दोघांस व्यायाम सारखाच द्यावा काय? पुष्कळ ठिकाणी भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो व येईल त्याने तो पाळावयाचा असतो. तालमीतला जाणता वस्ताद मात्र जोर-बैठकांचा आकडा सांगण्यापूर्वी पठ्ठ्याची झोप व खुराक विचारतो.

हा प्रश्न वरवरचा नव्हे. मेहनतीने स्नायूंची झीज होते. ती अन्न व विश्रांती मिळाल्यावर भरून निघते आणि वर थोडी भर पडते. हीच भर म्हणजे ताकद. ज्याला झोपच मिळाली नाही, त्याच्या पदरी नुसती झीज येते. म्हणून कोणास आज पन्नास बैठका हितकर, तर कोणास वीसही जड.

कधी शिकवणीच बदलावी लागते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले. तेथे पायाखालची पकड निराळी, नियमही निराळे. त्या वेळी अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले व ते सहावे आले. पुढे १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

शरीराची पारख एक वेळ सोपी, मनाची अवघड. येथे मला मालवणचे रमाकांत आचरेकर आठवतात. (आमच्या कोकणी घरात त्यांचे कौतुक अंमळ अधिकच!) मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर ते मुलांस क्रिकेट शिकवीत. सरावाच्या अखेरीस सचिन तेंडुलकर थकला, की ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणासच न साधले तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेविली आहेत. थकल्यावर आधी लक्ष ढळते, पाय नंतर. दूरच्या कीर्तीचा उपदेश त्या घटकेस कामी येत नाही. डोळ्यांसमोरचे नाणे येते. पण चुरशीने फुलणाऱ्या मुलासच ही युक्ती लागू पडते. बुजऱ्या मुलाला त्याच नाण्याची धास्ती वाटली असती.

हे मला उशिरा उमगले. पूर्वी एका शाळेत कवायतीचा तास माझ्याकडे आला. मी कलाशाखेचा पदवीधर. सर्वांस पन्नास बैठकांचा हुकूम सोडून मोकळा झालो. एक स्थूल मुलगा विसाव्या बैठकीस थांबला. मी त्यास सर्वांदेखत बोललो. पुढील तासापासून तो पोटदुखीची चिठ्ठी आणू लागला. महिनाभराने त्याला एकट्यास गाठून विचारले, तेव्हा कळले, की तो रोज गावाहून तीन किलोमीटर चालत येई. पाय दुबळे नव्हते. इतर मुले मोठ्याने आकडे मोजीत, त्याची त्याला लाज वाटे.

मग मी मोजणी बंद केली व ज्याने त्याने मनात मोजावे, असे सांगितले. तो पुन्हा रांगेत उभा राहिला. त्या वर्षी त्याने किती बैठका मारल्या, हे मी त्यास विचारले नाही.