कोपी आणि नऊ बाय बाराची खोली



दिवाळी उरकली की आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. उतरल्या दिवशीच चार बांबू रोवायचे, भोवती चटई गुंडाळायची, वर पाचट नाहीतर प्लॅस्टिकचा कागद टाकायचा, की झाली कोपी तयार. त्या कोपीत नवरा-बायको, लेकरं, कधी म्हातारी माय, असे पाच-सहा महिने काढतात. आपण तिला तात्पुरती म्हणतो. पण जो माणूस दरसाल अर्धं वर्ष आणि अशी पंधरा-वीस वर्षे तिच्यात काढतो, त्याचे ते घरच की! आपल्या जिल्ह्यातले कितीतरी कोयते पश्चिम महाराष्ट्रात जातात, तेही असेच राहतात.

गेल्या हंगामात आमच्या बांधावरच्या टोळीतल्या एका बाईला विचारले, ताई, कोपीत काय पाहिजे? आम्हाला वाटले, पंखा म्हणेल. ती म्हणाली, "दादा, आतून कडी पाहिजे. अन् न्हायला आडोसा." त्यापुढे आमची मोजमापाची वही जरा पोरकटच वाटली.

तरी मोजमाप सांगतो, कारण काम त्यानेच होते. खोली नऊ फूट बाय बारा फूट. भिंत तीन-तीन फुटी चौकटींची, चौकटीत बांबूची तट्टी. असे चौदा भाग झाले की चारी बाजू पुऱ्या. त्यात एक दार, समोरासमोर दोन खिडक्या. दोन माणसांना एक भाग सहज उचलता यावा. जोडणी नट-बोल्टने, आणि प्रत्येक भागावर रंगाने नंबर. म्हणजे टोळी हलली की खोली सोडून ट्रॉलीत टाकायची, नव्या फडाजवळ पुन्हा उभी करायची. जमीन मात्र हातभर उंच हवी. विंचू-काट्याचे भय आणि पाटाच्या पाण्याची ओल, दोन्ही तिथेच टळतात.

खरी अडचण छताची. नुसता पत्रा टाकला तर मार्चअखेर भट्टी होते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढावे लागले, त्यांना विचारा. जाड दगडमातीच्या भिंती अंगावर पडून माणसे गेली होती, म्हणून हलके घर बरे हे पटले; पण हलके म्हणजे उघडा पत्रा नव्हे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून तट्टीचे दुसरे छत घालावे, आणि मधल्या जागेतून गरम हवा दोन्ही टोकांना बाहेर पडू द्यावी. डिसेंबर-जानेवारीत ती टोके पोत्याने बंद करावीत. आपल्या परभणीत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत, थंडी काही खोटी नाही. वर पाचट टाकू नये. चूल बाहेर, पण तिच्यावर छप्पर हवे. पाचटाला ठिणगी पुरते.

एवढ्याशा जागेत माणूस राहील का, असे कोणी म्हणेल. जपानात टोकियो शहरी १९७२ साली कुरोकावा नावाच्या वास्तुकाराने १४० सुट्या खोल्यांची इमारत बांधली. एकेक खोली आपल्या नऊ बाय बाराएवढीच! पंचवीस वर्षांनी जुनी खोली काढून नवी बसवायची, असा बेत होता. पण खालची काढायची तर वरच्या हलवाव्या लागत, खर्चही अफाट. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ साली सगळी इमारत उतरवली. जागा लहान होती म्हणून नव्हे, दुरुस्ती अवघड म्हणून ती गेली. आपली तट्टी फाटली तर गावचा बुरूड दुपारपर्यंत नवी विणून देतो, आणि एक चौकट काढताना शेजारच्या तेराला हात लावावा लागत नाही.

बैलगाडीवाले सगळा हंगाम कारखान्याच्या तळावर एकाच जागी असतात. त्यांना हलवायच्या खोलीपेक्षा पक्के जोते, रांगेने न्हाणीघर, संडास आणि नळ आधी हवा. ट्रॅक्टरच्या टोळ्यांना सुटी खोली. हा फरक न करता सरसकट एकच नमुना काढला तर पैसा वाया जाईल. हंगाम संपल्यावर भाग गोदामात रचावेत, नाहीतर राखणीसाठी सभासदाने मळ्यात उभे करावेत. पण दिवाळीआधी परत, ही अट.

आमचे म्हणणे एवढेच, की पहिली खोली एखाद्या टोळीच्या बायकांसमोर उभी करावी. दार कोणत्या बाजूला आणि कडी किती उंचीवर, ते त्यांनी दाखवावे. सुताराला मग सांगू.