नकल्या खाटीक की त्याचा हिमालयी भाऊबंद? ओळख पटते पंखावरील ठिपक्याने

भक्ष्य काट्याला टोचून ठेवण्याच्या सवयीमुळे ‘खाटीक’ हे नाव मिळालेल्या पक्ष्यांपैकी नकल्या खाटीक आणि राखी पाठीचा खाटीक या दोन जाती अतिशय निकटच्या आहेत. पहिली भारतात जवळपास सर्वत्र आढळते व इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करते. दुसरी हिमालय आणि तिबेटच्या पठारावर, साधारण २,७०० ते ४,५०० मीटर उंचीवर वीण करते आणि हिवाळ्यात पायथ्याकडे व ईशान्येकडील सखल भागांत उतरते. तेथे दोन्ही जाती शेजारीशेजारी दिसू लागतात आणि गोंधळ सुरू होतो.

पूर्व हिमालयातील नकल्या खाटकाचे डोके संपूर्ण काळे असल्याने तेथे फारशी अडचण येत नाही. पश्चिमेकडे मात्र दोघांचेही डोके राखी व डोळ्यांवर काळा पट्टा असतो. नकल्याच्या कपाळावरील काळा पट्टा रुंद, तर राखी पाठीच्या खाटकाचा अरुंद किंवा जवळपास नसलेला असतो. नकल्याच्या खांद्यांवर तांबूस छटा असते. दुसऱ्याची पाठ गडद राखी असून तांबूस रंग शेपटीच्या मुळाशी सुरू होतो.

तथापि केवळ पाठीवर विसंबणे धोक्याचे आहे. पश्चिम व दक्षिण भारतातील, म्हणजे महाराष्ट्रातीलही, नकल्याच्या उपजातीची पाठ बरीचशी राखीच असते. त्यामुळे तिचे छायाचित्र हिमालयी जातीचे म्हणून सहज खपू शकते. येथे निर्णायक ठरतो तो पंखावरील लहानसा पांढरा ठिपका. नकल्याला तो असतो. राखी पाठीच्या खाटकाला सहसा नसतो. मिटलेल्या पंखात तो झाकला जाऊ शकतो, म्हणून पक्षी उडेपर्यंत थांबणे इष्ट. अंगावर खवल्यांसारख्या रेषा असलेली पिल्ले तर अनुभवी निरीक्षकांनाही चकवतात.

या भेदाला महत्त्व आहे ते नोंदींमुळे. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ९४२ जातींचे मूल्यमापन सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून करण्यात आले. डोंगराळ जातीची एखादी चुकीची नोंद सपाटीवर पडली, तर तिच्या वावराचा नकाशाच बदलतो. उंचीवरील वीणक्षेत्रे वरवर सरकत आहेत का, हे तपासतानाही हाच नकाशा वापरला जातो. शंका असल्यास जात न लिहिता केवळ ‘खाटीक’ अशी नोंद करून सोबत उघड्या पंखाचे छायाचित्र जोडता येते.