चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढणारच का?



फळ्यावरचं लिहून घेताना एखादं मूल सारखं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं. आपण रागावतो, "स्वतःचं बघून लिही!" पण त्याला फळाच नीट दिसत नसेल तर? मग तपासणी होते, चष्मा लागतो आणि आपण निश्चिंत होतो. पुढच्या वर्षी नंबर वाढतो, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. "वाढतं वय आहे, नंबर वाढणारच," असं म्हणून आपण फक्त काचा बदलतो. पण नंबर वाढण्याचा वेग कमी करता येतो, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं.

नंबर वाढतो म्हणजे काय होतं?

दहावीला भिंगांच्या पाठात आपण निकटदृष्टिता शिकवतो. यात बहुतेक वेळा नेत्रगोल लांबट झालेला असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंग ती मागे, पडद्यावर नेतं. मात्र साध्या चष्म्याने डोळ्याचं लांबणं थांबत नाही. डोळा साधारण 1 मिलिमीटर लांबला की नंबर अडीच ते तीनने वाढतो, आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणला जातो. नंबर उणे 6 किंवा त्याहून जास्त असेल, तर मोठेपणी पडदा सुटणं, काचबिंदू यांचा धोका वाढतो. लेझर करून चष्मा जातो, पण डोळा लांबच राहतो. म्हणूनच सातव्या-आठव्या वर्षी चष्मा लागलेल्या मुलाकडे जास्त लक्ष हवं. त्याच्याकडे नंबर वाढायला अजून बरीच वर्षं आहेत.

उन्हाचा उजेड

वर्गात साधारण 300 ते 500 लक्स उजेड असतो, तर बाहेर दिवसा 10,000 लक्सच्याही वर. झाडाच्या सावलीतसुद्धा वर्गापेक्षा कितीतरी जास्त. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन जास्त तयार होतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं संशोधकांचं मत आहे.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात 12 शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे 30 टक्के मुलांना निकटदृष्टिता आली होती, तर बाकी शाळांत सुमारे 40 टक्के. तैवाननेही 2010 पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचं धोरण धरलं.

एक लक्षात घ्या. बाहेर खेळण्याचा मोठा फायदा चष्मा लागण्याआधी होतो. एकदा लागल्यावर नुसतं मैदान पुरत नाही.

चष्मा लागल्यावर काय?

"नंबर मुद्दाम थोडा कमी द्या, म्हणजे डोळ्यांना सवय लागणार नाही," हा समज सोडून द्या. कमी नंबरच्या चष्म्याने वाढ मंदावत नाही, उलट वाढू शकते. पूर्ण नंबरचा चष्मा रोज वापरू द्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "नंबर वाढू नये म्हणून काय करता येईल?" आज तीन मुख्य उपाय आहेत: रात्री घालायचे कमी ताकदीचे अॅट्रोपिनचे थेंब, मुलांसाठीची खास रचनेची चष्म्याची भिंगं, आणि विशेष कॉन्टॅक्ट लेन्स. यांनी वाढ पूर्ण थांबत नाही, पण बऱ्याच मुलांत मंदावते. कोणता उपाय, किती काळ, हे डॉक्टरच ठरवतील. थेंब मनाने आणून घालू नका.

आपण काय करू या?

- खेळाचा तास गणिताला देऊ नका. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करा.
- डोळे बारीक करणारी, फळ्याजवळ येणारी मुलं हेरा आणि पालकांना कळवा.
- पुस्तक कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर धरायची सवय लावा. अर्ध्या तासाने उठून लांब बघू द्या.
- नंबर दर सहा महिन्यांनी तपासा आणि प्रत्येक वेळचा कागद जपून ठेवा. वाढीचा वेग त्यावरूनच कळतो.
- आई-वडील दोघांनाही चष्मा असेल, तर मुलाची पहिली तपासणी शाळेत घालण्याआधीच करा.

पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर डोळ्यांचाही विषय काढू या. कमी पडलेले गुण पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात. वाढलेला डोळा मागे नेता येत नाही.