आजार एकाचा, उपचार सगळ्या घराचा

चिखली, मेहकर, खामगाव, नांदुरा, कुठल्याही तालुक्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या. सकाळच्या रांगेत एक बाई हमखास दिसते. डोके दुखते, अंग कसकसते, छातीत धडधड होते, जेवण जात नाही, असे ती सांगते. डॉक्टर बी.पी. पाहतात, रक्त तपासतात, गोळ्या देतात. रिपोर्ट चांगला येतो. "एक बाटली लावली असती तर बरं झालं असतं," असे म्हणत बाई घरी जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच रांगेत उभी राहते.

तिला झोप लागते का, हे कोणी विचारलेले नसते. तिनेही सांगितलेले नसते की मालक रोज पिऊन येतो, गटाचे दोन हप्ते थकले आहेत, सोयाबीन पाण्यात गेल्यापासून मजुरी नाही आणि पहाटे तीनला जाग आली की जीव नकोसा वाटतो. दुखणे मनाचे असते, पण बोलते शरीर.

अशी बाई आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. असा पुरुषही आहे, फक्त तो रांगेत दिसत नाही, तो गुत्त्यावर दिसतो. म्हणून या वेळी आम्ही मनाच्या आजारावर लिहीत आहोत. तो आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात कसा ओळखला जातो, आणि त्यात घराने काय करायचे, एवढेच सांगायचे आहे.

हा वेडेपणा नव्हे

मनाचा आजार म्हटले की आपल्याला रस्त्यावर फिरणारा, कपड्यांची शुद्ध नसलेला माणूस आठवतो. तसा तीव्र आजार कमी लोकांना होतो. जास्त आढळतात ते उदासीचा आजार म्हणजे डिप्रेशन, सततची भीती आणि काळजी, आणि दारूचे व्यसन. २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात शंभर प्रौढांपैकी दहापेक्षा जास्त जणांना त्या वेळी मनाचा कोणता ना कोणता आजार होता. त्यातल्या बहुतेकांना कसलाही उपचार मिळत नव्हता.

दुःख आणि आजार यांत फरक आहे. घरात मयत झाली, पीक गेले, मुलगी नांदून परत आली, तर माणूस रडणारच. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज मन खचलेले राहिले, कशातच गोडी वाटेना, झोप आणि भूक बिघडली, हातून काम होईना, "आपण कोणाच्या कामाचे नाही" असे वाटू लागले, तर तो आजार समजावा. तो आळस नाही, नाटक नाही आणि कोणी केलेली करणीही नाही.

आपल्या घरांत याला आणखी एक किनार असते. कामावर, गावात, शाळा-कॉलेजात जातीवरून अपमान होतो. तो गिळून माणूस घरी येतो आणि कोणाला सांगत नाही. असे वर्षानुवर्षे गिळलेले मनाला लागते. अन्यायाविरुद्धची लढाई गोळीने संपत नाही, हे खरे. पण लढणारा माणूस आतून मोडला असेल, तर त्याला उपचार घ्यायला लावणे हेही आपलेच काम आहे.

आशाताईच्या फॉर्ममधले दोन प्रश्न

आशाताई घरोघर येऊन तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. तंबाखू, दारू, कंबरेचे माप, खोकला, गाठ असे प्रश्न त्यात असतात. त्याच फॉर्ममध्ये मनाविषयी दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटला नाही, असे किती दिवस झाले? आणि मन उदास, निराश वाटले, असे किती दिवस झाले?

हे प्रश्न आले की आपण "काही नाही, सगळं चांगलं आहे" म्हणून मोकळे होतो. सासू समोर बसलेली असते, शेजारीण दारात उभी असते. आमची विनंती आहे की या दोन प्रश्नांची उत्तरे खरी द्या. चारचौघांत बोलता येत नसेल, तर आशाताईला सांगा, "ताई, मी उपकेंद्रात येऊन सांगते." उपकेंद्र म्हणजे आताचे आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. बी.पी. आणि शुगरसारखीच मनाच्या आजाराची प्राथमिक तपासणी हाही त्यांच्या ठरलेल्या कामाचा भाग आहे. गरज पडली तर ते प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथून पुढे जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात पाठवतात.

ज्यांना शुगर किंवा बी.पी. आहे, त्यांनी तर हे आवर्जून सांगावे. मन खचलेला माणूस गोळ्या वेळेवर घेत नाही, जेवणाचे पथ्य पाळत नाही. मग शुगर वाढते आणि शुगर वाढली म्हणून मन आणखी खचते. दोन्हींवर एकाच वेळी उपचार झाला तरच हा फेरा तुटतो.

घर कशासाठी?

डॉक्टर पाच मिनिटे पाहतात, उरलेला दिवस माणूस घरात असतो. गोळी कोण देणार, तारखेला सोबत कोण जाणार, "तुला काय धाड भरली?" असे कोण म्हणणार किंवा म्हणणार नाही, हे सगळे घर ठरवते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या भेटीला घरातले एक जबाबदार माणूस सोबत जावे आणि डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. आजार कोणता, गोळी किती दिवस, त्रास झाला तर काय करायचे आणि पुन्हा कधी यायचे.

गोळीबद्दल एक नेहमीची चूक सांगतो. उदासीच्या आजाराच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून घरचेच म्हणतात, "बंद कर, सवय लागेल." या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र लागू शकते, म्हणून त्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत. बरे वाटू लागल्यावरही उदासीच्या गोळ्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. कोणतीही गोळी मनाने एकदम बंद करू नये.

पण घर जसे आधार असते, तसे कधी कधी घरच दुखण्याचे कारण असते. नवरा मारतो, सासर छळते, तर ती बाई त्यांच्यासमोर काय बोलणार? म्हणून रुग्णाला डॉक्टरांशी किंवा सिस्टरशी थोडा वेळ एकटे बोलू देणे हाही उपचाराचाच भाग आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा रुग्णाला हक्क देतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवली पाहिजे आणि सरकारी सेवेत मनाच्या आजारावर उपचार मिळाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. आपण आजारी पडलो तर आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यायचा, हे साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून ठरवता येते. ते माणूस नवराच असले पाहिजे असे नाही. बहीण असेल, मैत्रीण असेल.

शेजारच्या जिल्ह्यात काय घडले

हे सगळे बोलायला ठीक आहे, खेड्यात कुठे होते, असे कोणी म्हणेल. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच साध्या लोकांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघरी आणि छोट्या बैठकांत मनाच्या आजाराविषयी बोलणे सुरू केले. प्रशिक्षित समुपदेशक गावात भेटू लागले आणि गरज असेल त्यालाच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले गेले. सुरुवातीला उदासीचा आजार असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ वर गेले. मनात आत्महत्येचा विचार येऊन गेला असे सांगणारे शंभरी पाच होते, ते निम्म्यावर आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

यातला धडा सोपा आहे. मोठ्या डॉक्टरांची संख्या वाढेल तेव्हा वाढेल, पण ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाने दारात येऊन विचारले की माणसे बोलतात. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारने आणलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही आशाताईंनी घरभेटीत मनाची विचारपूस करण्यावर भर होता. बुलढाणा त्या जिल्ह्यांत आहे. शेतकरी म्हटले की सातबारावाला डोळ्यांसमोर येतो. भूमिहीन मजूर आणि वाट्याने करणारा यांचे घरही त्याच दुष्काळात, त्याच अतिवृष्टीत बसते, हे आशाताईला सांगायला विसरू नका.

दारू: चोरून औषध देऊ नका

नवऱ्याची दारू सुटावी म्हणून जाहिरातीतली पुडी भाजीत कालवणाऱ्या कितीतरी बाया आहेत. त्यांचा नाइलाज आम्हाला कळतो, पण हे धोक्याचे आहे. अशा पुडीत काय आहे ते आपल्याला माहीत नसते. दारू सोडवण्याचे एक औषध असे आहे की ते पोटात असताना माणूस प्यायला, तर जिवावर बेतू शकते. ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचे असते.

दुसरी गोष्ट. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली, तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जातो. लोकांना वाटते बाहेरची बाधा झाली. ती बाधा नसते, दारू तुटल्याचा परिणाम असतो. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना भेटून सोडावी.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसासोबत त्याच्या घरच्यांनाही उपचारात घेतले, पत्नींसाठी वेगळा गट चालवला. कारण पिणारा एक असला तरी रात्री जागे सगळे घर असते. मुले भेदरतात, बाई स्वतःलाच दोष देते. तिने हे ऐकले पाहिजे की त्याचे पिणे हा तिचा गुन्हा नाही. तो दवाखान्यात यायला तयार नसला, तरी ती स्वतःसाठी जाऊ शकते.

साखळी नको

आपण बुवाबाजी सोडली असे म्हणतो. पण मुलगा रात्रभर एकटाच बडबडू लागला, त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, की घाबरलेले घर कुठेही धावते. आपल्या जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. मनोरुग्णांना घेऊन दूरदूरहून सर्व धर्मांची घरे येतात. त्यांत आपलीही असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या आईबापांना हसू नये. त्यांना दुसरे दार कोणी दाखवलेच नव्हते.

पण माणसाला बांधून ठेवणे वाईटच. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण मेले. आज मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने मना आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आवाज ऐकू येणे, उगाच संशय घेणे या आजारांवरही औषधे आहेत आणि जितक्या लवकर सुरू होतील तितका गुण चांगला येतो.

घरातले फवारणीचे औषध

हे सर्वांत महत्त्वाचे. रागाच्या, निराशेच्या त्या दहा मिनिटांत हाताशी विषाचा डबा नसला तर माणूस वाचतो. कपाशी-सोयाबीनचे फवारणीचे औषध घरात, माळ्यावर, पलंगाखाली ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली एका समजदार माणसाकडे द्या. उरलेले साठवू नका.

"मी नसतो तर बरं झालं असतं," असे कोणी म्हणाले तर ती धमकी समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ते सुचत नाही, उलट मन हलके होते. मग त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कोणी औषध प्यायलेच, तर १०८ ला फोन करा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. कुशीवर झोपवा, अंगावर सांडले असेल तर कपडे काढून अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत न्या. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच कायदा धरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. पोलीस नोंद झाली तरी उपचार थांबत नाही.

या महिन्यात करायचे काम

मन मोकळे करायला १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. महिला मंडळाने एका रविवारी आशाताईला आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विहारात बोलवावे. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला किंवा जिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी भेटतात, ते विचारून तेही फळ्यावर लिहावे. वर्षावासात संध्याकाळी आपण वाचनाला बसतोच. वाचन संपल्यावर दहा मिनिटे एकमेकांची विचारपूस करावी. कोण बरेच दिवस आले नाही ते पाहावे आणि दोघींनी तिच्या घरी जाऊन यावे.

रांगेतली ती बाई पुढच्या वेळी निघेल, तेव्हा तिच्यासोबत घरातले कोणी जावे. आणि बाटलीऐवजी तिने डॉक्टरांना एवढेच सांगावे, "साहेब, मला महिनाभर झोप नाही, मन लागत नाही." उपचार तिथून सुरू होतो.